पत्री सरकारचा माणूस आणि आमचं बीड

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या कुठल्याही बीडकराला एक प्रश्न ठरलेला असतो. नवीन टीम, नवीन प्रोजेक्ट, कँटीनमधला पहिला चहा, आणि मग, "गाव कुठलं रे?" बीड म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद काहीतरी हलतं. पूर्वी पुढचं वाक्य दुष्काळावर असायचं, मग ऊसतोडीवर आलं. डिसेंबर २०२४ नंतर ते थेट "काय चाललंय रे तुमच्याकडे?" यावर आलंय. आणि या सगळ्याच्या मागे आणखी एक प्रश्न असतो, तो कोणी तोंडाने विचारत नाही. आडनाव ऐकलं की समोरचा मनातल्या मनात एक टिकमार्क करतो. मराठा की वंजारी? का आणखी कोण? त्याप्रमाणे पुढचं बोलणं जपून.

मी लिंबागणेशचा. मांजरसुंब्यावरून पाटोद्याच्या रस्त्याला लागलं की बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव येतं. भालचंद्र गणपतीमुळे थोड्याफार लोकांना ठाऊक आहे, बाकीच्यांना "बीडजवळ" एवढं सांगून भागतं. तर या "काय चाललंय तुमच्याकडे" प्रश्नाला कंटाळून एका शनिवारी ठरवलं, बीडने आजवर लोकसभेवर कोणाकोणाला पाठवलं त्याची यादीच काढू. डेटा बघितल्याशिवाय मत बनवायचं नाही ही धंद्यातली सवय, दुसरं काय.

यादी शोधताना पहिली गंमत अशी की जुन्या निकालांत इंग्रजीत 'बीड' शोधलं तर काही सापडत नाही. त्या काळच्या कागदांत स्पेलिंग बी-एच-आय-आर, 'भीर' असं आहे. ते टाकलं आणि १९६७च्या रांगेत नाव आलं, एन. आर. पाटील, भारतीय कम्युनिस्ट पक्ष. डेटाबेसमध्ये पदव्या गळून पडतात, त्यामुळे क्षणभर कळत नाही हे कोण पाटील. मग ट्यूब पेटते. नाना रामचंद्र पाटील. म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील! शाळेच्या पुस्तकात भेटलेले, फेट्यातले, पत्री सरकारवाले. त्या पुस्तकात ते साताऱ्याचे होते आणि त्यांची गोष्ट १९४७ला संपत होती. ती पुढे चालू राहिली आणि आमच्या बीडपर्यंत आली, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील.

नाना पाटलांचा जन्म ३ ऑगस्ट १९००चा, गाव वाळवा तालुक्यातलं येडे मच्छिंद्र. नोकरी तलाठ्याची. म्हणजे सरकारी, पक्की, गावात मान असलेली. १९३०ला कायदेभंग सुरू झाला तेव्हा ती सोडली. (माझ्या वयाच्या लोकांसाठी सांगतो, तेव्हा त्यांचं वय तीस होतं. आपण तिशीत होम लोनचा ईएमआय मोजत असतो.) सत्यशोधक वळणाचा माणूस, अंगाने दांडगा, आणि बोलणं अस्सल गावाकडचं. पुढची बारा वर्षं तुरुंगाच्या वाऱ्या. १९४२च्या ऑगस्टनंतर सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर तिथल्या पोरांनी ठरवलं की आता नुसता निषेध पुरे, इंग्रजांचं राज्य आपल्या गावापुरतं बंद करून टाकायचं.

त्यातून प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ ते १९४६ अशी जवळपास तीन वर्षं शेकडो गावांत ते चाललं. भांडणं मिटवायला न्यायदान मंडळं, संरक्षणाला तुफान सेना, दारूबंदी, खर्चाला फाटा देणारी गांधी लग्नं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी रेल्वे अडवली. एप्रिल १९४४मध्ये धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना पळवला. कुंडल हे त्याचं केंद्र. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं, त्यामुळे इंग्रजी पोलिसांना तिथे हात घालणं अवघड जायचं. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही मंडळी रोजचा कारभार बघायची आणि नाना पाटील हा त्या सगळ्याचा चेहरा. पकडून देणाऱ्याला बक्षीस लागलेलं, घरदार आणि जमीन जप्त, आणि हा माणूस ४४ महिने भूमिगत. सापडलाच नाही. १९४६ला स्वतःहून उघड झाला.

इथपर्यंत गोष्ट पोवाड्यासारखी आहे. अवघड भाग पुढेच आहे.

'पत्री' हा शब्द कुठून आला? काहींच्या मते 'प्रति'चा अपभ्रंश. पण लोकांच्या डोक्यात बसलेला अर्थ वेगळा. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात ना, तशी माणसाच्या पायाला ठोकणारं सरकार. खरोखर पत्र्या ठोकल्या की तळपायांवर काठीचे तडाखे दिले यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. मारायचे, हे मात्र नक्की. खबरे, गुंड, नाडणारे सावकार, बायको टाकून देणारे, बायकांवर हात टाकणारे असे लोक पकडून आणायचे, गावासमोर आरोप ठेवायचे, आणि शिक्षा. वकील नाही, अपील नाही. इंग्रजांच्या लेखी हे सरळ दरोडेखोर होते. आणि फक्त इंग्रजच नाही, अहिंसा मानणाऱ्या काँग्रेसवाल्यांनाही हे पटत नव्हतं. १९४४ला सुटून आल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हायचा सल्ला दिला. साताऱ्याच्या लोकांनी तेव्हा तो मानला नाही.

स्वातंत्र्यानंतरही नानांचा वाद संपला नाही, फक्त वादी बदलले. यशवंतराव चव्हाण, किसन वीर असे त्याच मातीतले लोक काँग्रेसमध्ये राहिले. नाना बाहेर पडले. आधी शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. म्हणजे बघा, एकाच माणसाला १९४३ला दरोडेखोर म्हणत होते, १९४६ला सिंह, आणि दहा वर्षांनी लाल बावट्याचा म्हणून नाकं मुरडत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ला ते सातारा भागातून लोकसभेत गेले. १९६२ला साताऱ्याने किसन वीरांना निवडून दिलं, काँग्रेसच्या तिकिटावर. प्रतिसरकारमधला एक साथी गेला आणि दुसरा आला.

आणि मग १९६७. वय सहासष्ट. मतदारसंघ बीड.

आता हे माझ्या डोक्यात बसेना. येडे मच्छिंद्र ते बीड तीनशेच्या आसपास किलोमीटर. पत्री सरकार चालू होतं तेव्हा बीड निजामाच्या राज्यात. इथे इंग्रजांचा कलेक्टरच नव्हता, मग त्याच्याविरुद्धचं प्रतिसरकार कुठून असणार? नानांचं इथे गाव नाही, सोयरीक नाही, साखर कारखाना नाही, संस्था नाही. वर १९६७ला महाराष्ट्रात काँग्रेस चांगली भक्कम होती. मग एका परक्या, म्हाताऱ्या कम्युनिस्टाला बीडने का निवडलं?

एक उत्तर यादीतच आहे. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत बीडचे खासदार रा. गो. परांजपे होते, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे. हैदराबाद राज्यात तेव्हा कम्युनिस्ट या नावाने लढत होते. १९६७ला नाना पाटील, भाकप. १९७७ला गंगाधरअप्पा बुरांडे, माकप. म्हणजे पंचवीस वर्षांत तीनदा बीडने डाव्यांना दिल्लीला पाठवलं. आजच्या बीडकडे बघून हे कोणाला सांगितलं तर "चेक कर, डेटा करप्ट असेल" म्हणेल :-) पण विचार केला तर जुळतं. निजामाचं राज्य, देशमुखी, सावकारी, रझाकारांचे दिवस हे सगळं १७ सप्टेंबर १९४८पर्यंत या लोकांनी भोगलेलं होतं. सरकार म्हणजे आपल्या उरावर बसलेली गोष्ट, आणि तिच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस आपला, हे त्यांना शिकवावं लागलं नसणार.

दुसरं उत्तर आबांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून. वय ऐंशीच्या पुढे, कान थोडे गेलेत, बाकी सगळं शाबूत. १९६७चं मत त्यांचं पहिलंच. फोनवर ओरडून विचारलं, "आबा, नाना पाटलाला मत का दिलं होतं?"

"कोन?"

"नाना पाटील! सातारचा!"

"हां, त्यो. आरं समद्यांनीच दिलं, म्या बी दिलं."

"पण का?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्यो आमच्यावानी बोलायचा. बाकीचे आले की आमाला वाटायचं सायब आला."

मी म्हटलं, मराठा होता म्हणून दिलं असेल तुम्ही लोकांनी. आबा म्हणाले, "आसंल की. कुणी त्याच्यासाठी बी दिलं आसंल. पन हितं मराठ्याची काय कमी हुती का? ती सातारहून कशाला आनायचा?"

हे मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून जसंच्या तसं लिहिलं. तेव्हा जात नव्हती आणि सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असं चित्र रंगवायचा मला हक्क नाही. गावकुसाबाहेरच्यांना विचारा, ते सांगतील. पण जात हे मत देण्याच्या पाचसहा कारणांपैकी एक होतं. बाकीच्या कारणांना जागा शिल्लक होती. बोलणं, भोगलेला तुरुंग, सोडलेली नोकरी, जप्त झालेली जमीन, हे सगळं मोजलं जायचं. २०२४च्या लोकसभेला बजरंग सोनवणे आणि पंकजा मुंडे यांच्यात फरक साडेसहा हजारांचा. तो निकाल कोणाच्याही बाजूचा असो, त्या दोन महिन्यांत आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उमेदवाराने काय केलं यावर किती मेसेज होते आणि तो कोणाचा यावर किती, हे ज्याने त्याने आपल्या फोनमध्ये बघावं. पुढे २०२५ला बीडच्या पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवायची वेळ आली. मी त्या निर्णयाच्या बाजूचाच आहे. पण वर्दीतल्या माणसाचं आडनाव झाकावं लागतं याचा अर्थ काय होतो, ते मला पुण्यात बसून कोणाला समजावून सांगता येत नाही.

आता जो प्रश्न मला खरंच छळतो त्याच्याकडे येतो.

९ डिसेंबर २०२४ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना उचलून नेऊन मारून टाकलं. मार्चमध्ये त्याचे फोटो बाहेर आले. मी ते पाहिले नाहीत, पाहणारही नाही. पण ज्यांनी पाहिले ते सांगताना थांबत होते. माणसांना उचलून न्यायचं, मारायचं, आणि ती दहशत चारचौघांत पसरवायची ही पद्धत. टीममधला एक जण म्हणाला, "तुमचे ते पत्री सरकारवाले तरी काय वेगळं करत होते? तेपण उचलायचे आणि मारायचे. जिंकले म्हणून क्रांतिकारक."

राग आला. पण राग हे उत्तर नव्हे. दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं आहे, पटतंय का बघा.

पहिला फरक, मार कोणाच्या दिशेने जातो. पत्री सरकार नाडणाऱ्याला मारायचं, नाडला गेलेल्याला नाही. पण हे उत्तर एकटं पुरत नाही, कारण प्रत्येक गुंड स्वतःला गरिबांचा कैवारीच समजतो. दुसरा फरक, ते उघड होतं. आरोप गावासमोर, निकाल गावासमोर. ज्याला चुकीचं वाटेल त्याला निदान कोणी काय केलं हे माहीत होतं. तरीही झुंडीचा न्याय हा झुंडीचाच न्याय. त्यात निरपराध कोणी मार खाल्लाच नसेल असं मी छातीठोक म्हणणार नाही.

तिसरा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. ही माणसं नंतर मतं मागायला गेली. १९४६ला इंग्रज जायची चिन्हं दिसल्यावर त्यांनी ते सरकार गुंडाळलं. नाना पाटलांकडे तेव्हा काय नव्हतं? नाव होतं, दरारा होता, हत्यारं चालवलेली पोरं होती. त्या जोरावर एखाद्या तालुक्यात जन्मभर दादागिरी करता आली असती. त्याऐवजी हा माणूस सभा घेत फिरला. निवडून आला, पायउतार झाला, पुन्हा तीनशे किलोमीटरवर जाऊन अनोळखी लोकांसमोर हात जोडून उभा राहिला. ज्याच्या हातात कधीकाळी शिक्षा होती त्याने स्वतःला लोकांच्या शिक्षेच्या हवाली केलं. गुंड नेमकं हेच करत नाही. तो स्वतः मागे राहतो, दुसऱ्याला उभा करतो. जबाबदारी कधीच त्याच्या नावावर नसते.

लोकसभेत मराठीतून बोलणारा खासदार म्हणून नानांची आठवण सांगतात. १९७१ला बीडने काँग्रेसचे सयाजीराव पंडित निवडले आणि नानांचं बीड संपलं. ६ डिसेंबर १९७६ला ते गेले. आणीबाणी चालू होती तेव्हा.

या सगळ्याची किंमत त्यांनी एकट्याने दिली नाही, हेही लिहायला हवं. त्यांची मुलगी हौसाताई. आई लहानपणीच गेलेली, बाप फरार, घर जप्त, आणि पोलिसांच्या भीतीने गावातले लोक बोलायला घाबरत. पुढे ती पोरगीच चळवळीत उतरली. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर तिने नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग केलं. सोडवायला पोलीस बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. मार मात्र सोंगाचा नव्हता, खरं वाटावं म्हणून चांगलाच पडला असं त्या पुढे सांगायच्या. सप्टेंबर २०२१मध्ये त्या गेल्या, पंचाण्णवच्या आसपासच्या होत्या. नेत्याचं आयुष्य लोकांसमोर असतं म्हणतो आपण. त्याच्या घरच्यांचं आयुष्य त्या उजेडाच्या जरा बाहेर, अंधारात चाललेलं असतं. आजच्या नेत्यांच्या मुलांचं काय होतं हे मी सांगायला नको. त्यांना मतदारसंघ मिळतो.

शेवटची एक गोष्ट, आणि ही मला टीममधल्याच दुसऱ्या एकाने नकळत दिली. तो वाळव्याकडचा. बीड म्हटल्यावर त्याने तो अर्धा सेकंद घेतला नाही. म्हणाला, "तुमच्याकडचीच लोकं आमच्या उसाला येतात की!" अगदी सहज, आपुलकीनेच म्हणाला. आणि खरंच आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून ट्रक भरून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आमच्याकडे माणसं तशीच मोजतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडात राबायचं. पोरांची शाळा अर्ध्यावर. कुठे जातात? सांगली, सातारा, कोल्हापूर. वाळव्याला नागनाथअण्णांनी काढलेला हुतात्मा किसन अहिर कारखाना आहे, कुंडलला जी. डी. बापूंच्या नावाचा क्रांती कारखाना. म्हणजे ज्या शिवारांत प्रतिसरकारची पोरं लपायची, त्याच शिवारांत ऊस उभा राहिला आणि तो तोडायला बीडचा माणूस येऊ लागला. एकेकाळी त्या मातीने आम्हाला खासदार दिला. आता आम्ही त्या मातीला मजूर देतो.

यात वाळव्याची चूक आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी स्वातंत्र्यानंतर पाणी, कारखाने, शाळा यांसाठी संघटना बांधल्या आणि टिकवल्या. आम्ही १९५२, ६७, ७७ला तसा माणूस निवडला, पण पुढची निवडणूक आली की सगळं पुन्हा शून्यापासून. नाना पाटील चार वर्षांसाठी आमचे होते. त्यांच्या मागे तिकडे होती तशी गावोगावची पोरं इकडे उभी राहिली नाहीत. चेहरा आयात करता येतो, खालचं काम आयात करता येत नाही. बीडचं खरं दुखणं मला आडनावाइतकंच हेही वाटतं.

असो. खूप लांबलं. वाळव्याच्या मित्राने कुंडल आणि येडे मच्छिंद्र दाखवायचं कबूल केलंय, पुढच्या एखाद्या जोडसुट्टीला जाऊ. गळीत हंगाम चालू असेल तर फडातही जाणार आहे. गावाकडचं कोणीतरी भेटेलच तिथे.

तोपर्यंत तुम्हाला एक काम. तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर या रविवारी त्यांना विचारा, की १९६७ला कोणाला मत दिलं होतं आणि का. 'का'चं उत्तर नीट ऐका. पुढच्या वेळी रांगेत उभे राहाल तेव्हा तोच प्रश्न स्वतःला विचारता येईल.